मागे गाव, पुढे पाणी

नोवो सेलोत कुणी गेलं, की घरचे लोक आधी पाद्र्याकडे जायचे आणि तिथून थेट नेव्यानाकडे. नेव्याना मृत्यूचा कागद काढून द्यायची. मधोमध गेलेल्याचा फोटो, वर क्रूस, खाली नाव, त्याखाली दुःखाच्या दोन ओळी आणि भोवती जाड काळी चौकट. त्याच्या प्रती घराच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर चिकटायच्या. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी आणखी एक, मग दरवर्षी. माणूस गेला तरी नोवो सेलोच्या खांबांवरून तो लवकर हलायचा नाही.

हे सगळं ती टायपिंगच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये करायची, लोक ज्यात अर्ज लिहितात त्यातच. दरवेळी पान नव्याने मांडायचा तिला भारी कंटाळा. मागच्या मेलेल्याची फाइल उघडायची, तिला नवं नाव द्यायचं, जुना फोटो काढून नवा बसवायचा, मजकूर बदलायचा, झालं काम. पन्नाशीची बाई, हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. "मरायचं तर शुक्रवारच्या आत मरा, शनिवारी मी बंद असते," असं ती म्हाताऱ्यांना तोंडावर सांगायची आणि म्हातारे खो खो हसायचे.

तिच्या बापाने, रादोयने, आयुष्यभर मनात घोळवलेलं पुस्तक एकदाचं लिहून संपवलं, तेव्हा त्याचं मुखपृष्ठ कोण करणार हा प्रश्नच आला नाही. शहरातला छापखानेवाला अस्पारुह फोनवर कुरकुरला खरा.

"पोरी, पुस्तकाच्या कव्हरला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तुझं ते मयताचं दुकान त्यात चालायचं नाही."

"तुला छापायला एक पान हवंय ना? मग ते कशात केलं याच्याशी तुला काय करायचंय? कणा किती जाड ठेवायचा तेवढं सांग."

त्याने पानं विचारली, कागद विचारला आणि कण्याची जाडी सांगितली. नेव्यानाने रुंदच्या रुंद पान घेतलं: डावीकडे मलपृष्ठ, मधे अरुंद कणा, उजवीकडे मुखपृष्ठ. पान घेतलं म्हणजे काय, तर नेहमीप्रमाणे आदल्या आठवड्यातल्या मृत्यूच्या कागदाची फाइल उघडली, काळी चौकट पुसली, क्रूस पुसला, पान आडवं करून ताणलं आणि फाइलला पुस्तकाचं नाव दिलं. यात आपण काही वेगळं करतोय असं तिला वाटलंसुद्धा नाही.

पुस्तक होतं क्रुशेवान्याबद्दल. क्रुशेवाने म्हणजे रादोयचं गाव, नासपतीच्या बागांचं. तो मिसरूड फुटलेला पोरगा असताना धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर टेकडीवर येऊन राहिली, तेच हे नोवो सेलो. नेव्यानाच्या घराच्या वरच्या खोलीत, जिथे तिचा कॉम्प्युटर होता, खिडकीसमोर सगळं तळंच तळं. पाण्यातून देवळाच्या घंटाघराचं टोक आणि त्यावरचा लोखंडी क्रूस तेवढा बाहेर दिसायचा. दर ऑक्टोबरात, पेत्कोव्देनच्या सणाला, क्रुशेवान्याचे उरलेसुरले लोक काठावर जमायचे. मोठ्या कढईत मेंढीचं सूप शिजायचं, पाद्री ते पवित्र करायचा, मग सगळे पाण्याकडे बघून रडायचे, राकिया ही फळांची दारू प्यायचे आणि आपापल्या बसने परत जायचे. यंदा त्या सगळ्यांच्या हातात हे पुस्तक द्यायचं, असं रादोयने ठरवलं होतं.

यंदाच का, ते नेव्यानाला माहीत होतं. म्हाताऱ्याची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ओल्या हवेत सोडू नका, सर्दीसुद्धा होऊ देऊ नका, हा हिवाळा निघाला तर पुढचं पुढे बघू. नेव्यानाला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. नवरा कधीच सोडून गेलेला, मूल नाही. रोज सकाळी खालच्या खोलीतून म्हाताऱ्याच्या खोकण्याचा आवाज आला, की तिच्या जिवात जीव यायचा.

मुखपृष्ठासाठी तिच्याजवळ एकच फोटो होता, धरणाच्या आधी कुणीतरी टेकडीवरून काढलेला, लांबलचक. देऊळ, चौकातला दोन तोट्यांचा झरा, गिरणी, झऱ्यावरून खाली उतरणारी गल्ली आणि गल्लीच्या टोकाला रादोयचं घर. तो तिने पानभर पसरला. मग खिडकीतून मोबाइलवर तळ्याचा फोटो काढला, तो त्यावर ठेवला आणि अर्धा पारदर्शक केला. गाव मागे, पाणी पुढे. पाण्याची वरची कड तिने घंटाघराच्या टोकाला नेऊन लावली. पाण्यातून गाव पुसटसं दिसायला लागलं आणि तिचं तिलाच बरं वाटलं.

रादोयला तिने हात धरून वर आणलं. तो खुर्चीत टेकला, चष्मा पुसला, पुष्कळ वेळ बघत राहिला.

"हं," तो म्हणाला. "असंच दिसतं."

"कधी दिसतं रे ताते?" बापाला ती लहानपणापासून ताते म्हणायची.

"डोळे मिटले की."

मग मलपृष्ठाचा मजकूर आला. नेव्यानाने चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, खाली लेखकाचं नाव. रादोयने त्या वाचल्या आणि नाक मुरडलं.

"हे काय, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं? लिही. ‘सकाळी गिरणीचा आवाज सुरू झाला की आमच्या घरातल्या बश्या हलायच्या.’ लिहिलंस?"

"लिहिलं."

"‘आई म्हणायची, बश्यांना जाग आली, आता तुम्हीही उठा.’"

नेव्याना हसली आणि लिहीत गेली. त्या दुपारी हवा मऊ होती, खिडकी उघडी होती, खाली शेजारच्या लेल्या गिनाच्या, म्हणजे गिनामावशीच्या, अंगणात मिरच्या भाजायचा वास येत होता. म्हातारा डोळे मिटून बोलत होता आणि मधेमधे थांबून श्वास गोळा करत होता. गिरणीच्या ओढ्यावरचे हंस, ओल्या लोकरीचे गठ्ठे, शाळेच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली नासपती. नेव्यानाने यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं असेल तरी कान देऊन नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर पाणी घसरलं होतं. कड घंटाघराच्या टोकावर नव्हती, चांगली घंटेच्या कमानीपर्यंत खाली आली होती. नेव्यानाने एक कचकचीत शिवी दिली आणि चित्रावर टिचकी मारली. कडेला जहाजाच्या नांगराचं बारीकसं चिन्ह उमटलं. मग तिला उलगडा झाला. मृत्यूच्या कागदावर मेलेल्याचा फोटो मेलेल्याच्या नावाच्या ओळीला बांधलेला असतो, म्हणजे नाव हललं की फोटोही त्याच्याबरोबर हलतो. तिने फोटो बदलला होता, नाव बदललं होतं, पण तो नांगर तसाच राहिला होता. आता पाणी तिच्या बापाच्या नावाला बांधलेलं होतं. वर ओळी वाढल्या की नाव खाली सरकणार आणि नावाबरोबर पाणी. साधा हिशेब होता. मजकूर पक्का झाला की एकदाच वर ओढून ठेवू, असं म्हणून तिने ते तसंच सोडलं.

संध्याकाळी ती ब्रेड आणायला गेली, तर बेकरीपाशी पुरुषांचा घोळका उभा होता. तळं उतरलं होतं. ऑक्टोबरात, पाऊस पडत असताना. कुणी म्हणालं वीजवाल्यांनी पाणी सोडलं, कुणी म्हणालं दरवाजा गळतोय. धरणावरचा पहारेकरी छातीवर हात ठेवून सांगत होता, की दरवाजे बंद आहेत, मी स्वतः बघून आलो. नेव्यानाने वळून पाहिलं. घंटाघर कमानीपर्यंत बाहेर आलं होतं, काळं, शेवाळलेलं. कमानीखाली पाणी अगदी गुळगुळीत होतं.

तिने ब्रेड घेतला आणि घरी आली. योगायोग म्हणतात ते यालाच, असं ती वाटेत स्वतःशी दोनदा म्हणाली.

रादोयच्या ओळी संपेनात.

"ताते, हे मलपृष्ठ आहे, कपाट नाही. किती कोंबशील?"

"अक्षर बारीक कर."

"मुंगीएवढं केलंय. वाचणारे सगळे तुझ्या वयाचे. वाचणार कसे?"

"ज्यांना वाचायचंय ते वाचतील. लिही. ‘झऱ्याच्या डाव्या तोटीचं पाणी गोड होतं, उजव्या तोटीचं गुरांना.’"

ती ओळ लिहिली त्या दिवशी उन्हं कलायच्या आत चौकातला झरा पाण्याबाहेर आला. सगळं गाव काठावर लोटलं. गाळाने भरलेला दगडी चौथरा, त्यावर दोन तोट्या. लेल्या गिना, जी सात वर्षांची असताना तिथून निघाली होती, गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडली. नेव्याना वर जाऊन फाइल उघडून बसली. चित्रातल्या पाण्याची कड बरोबर झऱ्याच्या चौथऱ्याला टेकली होती.

तिने फाइल बंद केली. पण नेव्याना काही भुताखेतांना भिणारी बाई नव्हती. तिने स्वतः करून बघायचं ठरवलं.

सकाळी उजेड चांगला असताना ती खिडकीशी बसली. खाली गावातला मासेमार मिन्चो गळ टाकून आपल्या होडीत डुलत होता. होडी पाण्याच्या कडेला, दोरी खुंट्याला. नेव्यानाने मजकुरात एक कोरी ओळ टाकली. कळ दाबली, एवढंच. स्क्रीनवर पाणी एक बोट खाली आलं.

तिने खिडकीतून पाहिलं. ना लाट उठली ना आवाज झाला. होडी गाळावर टेकून तिरकी झाली होती आणि मिन्चो तीत उभा राहून डोकं खाजवत होता.

तिने ती ओळ काढून टाकली. होडी डुलायला लागली. मिन्चोने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गळ गुंडाळून घरी निघून गेला.

त्यानंतर नेव्यानाने कळफलकाला हात लावला नाही. तिने हे कुणाला सांगितलंही नाही, आणि सांगणार तरी काय? बाई, मी पुस्तकाचं कव्हर करतेय आणि तुमचं तळं आटतंय?

रादोयला मात्र सांगावं लागलं नाही. जेवताना त्याने चमचा खाली ठेवला.

"अजून थोड्या ओळी हव्यात, नेव्याना."

"कशाला?"

"आमची गल्ली वर आली की घराचा उंबरा येतो."

म्हणजे याला माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून. बश्या हलायच्या ती ओळ सांगताना त्याने डोळे मिटले होते, पण तोंड खिडकीकडे होतं, हे तिला आता आठवलं.

"बघून येतो एकदा," तो म्हणाला. "आत जातो, स्वयंपाकघरात बसतो जरा आणि येतो. परत येणार नाही असं मी म्हटलं का?"

"ताते, तिथे गाळ आहे. ओल आहे. डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहितीये. खाली गेलास तर तुला वर कोण आणणार, मी?"

"मला कुणी आणायला नको. उतार मला पाठ आहे."

"आणि मधेच पाणी आलं म्हणजे?"

"कसं येईल? पाणी तुझ्या हातात आहे."

हे तो इतकं सहज म्हणाला, की तिला राग आला आणि रडूही आलं. तिने टेबल आवरलं, बश्या आदळल्या. "मजकूर आता पुरे. अस्पारुह फाइलची वाट बघतोय. सण तोंडावर आलाय," असं म्हणाली. लिपाच्या झाडाच्या फुलांचा चहा म्हाताऱ्याने गुपचूप पिऊन टाकला, जो तो एरवी कधी पीत नसे.

दुसऱ्या दिवशी तिला त्याच्या औषधांसाठी शहरात जावं लागलं. बस उशिरा आली, औषधाच्या दुकानात रांग होती. परत येताना, टेकडीच्या शेवटच्या वळणावर, ड्रायव्हरने न सांगता बस थांबवली आणि सगळे उतरून बघत उभे राहिले.

तळं नव्हतं.

खोऱ्याच्या तळाशी, पार धरणाच्या भिंतीपाशी, पाण्याची एक करडी पट्टी पडलेली होती. बाकी सगळं क्रुशेवाने होतं. देऊळ, चौक, झरा, शाळेच्या पायऱ्या. छपरांचे वासे. भिंती, ज्या इतक्या वर्षांत पडायला हव्या होत्या. संध्याकाळचा उजेड त्यावर पडला होता आणि सगळं मऊ, ओलं, नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. बसमधली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या बागेची भिंत," आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

नेव्याना धावत घरी आली. वरच्या खोलीत रादोय तिच्या खुर्चीत बसला होता, एका बोटाने अक्षरं शोधून शोधून टाइप करत. मलपृष्ठ भरून मजकूर कण्याला भिडला होता.

"झालं," तो म्हणाला. "दमलो बघ."

"ताते, काय करून बसलास हे!"

"बघ की. उंबरा दिसतो." त्याने खिडकीकडे बोट केलं. चेहरा असा होता, की तसा तिने कधी पाहिला नव्हता. लहान पोराला सुट्टी लागल्यावर असतो तसा. "उद्या सकाळी जातो. तू ये हवं तर."

तिला ओरडायचं होतं. पण त्या चेहऱ्यापुढे तिला ते जमलं नाही.

"बघू उद्या," ती म्हणाली.

आपण पोरांना म्हणतो ना, बघू उद्या, तसं. टाळायला. रादोयने मान डोलावली आणि तिच्या गालाला हात लावला. मग जिना उतरून झोपायला गेला.

नेव्याना पहाटे उठली. तो उठायच्या आत सगळं संपवायचं, असं तिने अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं होतं. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, पण हिवाळाभर खोकत का होईना घरात असेल. त्याच्या खोलीचं दार बंद होतं. ती अनवाणी, जिना न वाजवता वर गेली.

बाहेर धुकं होतं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. खोरं नाही, तळं नाही, काही नाही.

तिने फाइल उघडली. आधी नांगर सोडवला. मग त्याने टाइप केलेल्या ओळी, न वाचता, काढून टाकल्या. वाचल्या असत्या तर तिला काढता आल्या नसत्या. मग पाण्यावर टिचकी मारली, धरलं आणि वर ओढलं. शाळेच्या वर. उंबऱ्याच्या वर. झऱ्याच्या वर. घंटाघराच्या टोकापर्यंत नेऊन सोडलं आणि तिथे त्याला कुलूप घातलं, म्हणजे आता कशानेही हलायला नको.

फाइल तिने अस्पारुहला पाठवली. लगेच उत्तर आलं: ‘मिळाली. मशीनवर घेतो.’

तिला हायसं वाटलं. खाली येऊन तिने बानित्सा, चीज भरलेली पोळी, भट्टीत सरकवली, कॉफी टाकली. चीजचा वास घरभर झाला. या वासाला म्हातारा हमखास उठायचा.

उठला नाही.

तिने दार ढकललं. पलंग नीट आवरलेला होता. पांघरुणाची घडी. खुंटीवरचा सणाचा कोट नव्हता. काठी नव्हती.

ती तशीच अंगणात आली. कुंपणापलीकडे लेल्या गिना कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"लेल्या, ताते दिसला?"

"दिसला की. अंधारात उठून चालला होता, जुन्या रस्त्याने खाली. बूट कसे चकचकीत केलेले! मी म्हटलं, रादोय, नवरदेव झालास का? तर म्हणाला, घरी जाऊन येतो." गिनाने हात झटकले. "मी म्हटलं, एकटा कुठे, धुकं आहे. तर म्हणाला, काळजी नको, नेव्यानाला माहितीये."

नेव्याना जुन्या रस्त्याने धावली. अनवाणीच. रस्ता धुक्यात उतरत गेला आणि पहिल्या वळणाच्या अलीकडेच तिचे पाय पाण्यात गेले.

पाणी काठोकाठ होतं. गार आणि गुळगुळीत.

ती हाका मारत राहिली. मग घरी धावली, जिना चढून वर. कुलूप काढलं. पाणी धरून खाली ओढलं. स्क्रीनवर ते मुकाट्याने खाली आलं, घंटाघर सुटलं, गल्ली सुटली, सगळं गाव उघडं पडलं.

तिने खिडकीतून पाहिलं. धुकं विरत होतं. तळं जिथल्या तिथे होतं.

तिने पुन्हा ओढलं. कोऱ्या ओळी टाकल्या, पानच्या पान. पाण्याचं चित्रच पुसून टाकलं. तळं हललं नाही.

तिने अस्पारुहला फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"थांबव!" ती ओरडली.

"काय थांबव? कव्हरं छापून झाली, पोरी. आता वाळताहेत. झकास आलंय पाणी."

नेव्याना दिवसभर त्या खुर्चीत बसून राहिली, हात माउसवर. दुपारी लोकांनी तिला उठवायचा प्रयत्न केला, उठली नाही. संध्याकाळी गिनाने तिच्या बोटांतून माउस सोडवला.

पाणबुडे आले, तीन दिवस शोधलं, काही सापडलं नाही. तळ्याचं म्हणाल तर लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, की वीजवाल्यांनी पाणी सोडलं आणि पुन्हा भरलं. मिन्चोने होडी विकायला काढली. पाद्री येऊन बसून गेला. गिना दोनदा हळूच म्हणाली, की बाई, रादोयचा कागद काढायला हवा, खांबांवर लागला पाहिजे, गाव काय म्हणेल. नेव्यानाने सगळ्या गावाचे कागद काढले होते. बापाचा काढला नाही. फोटो कुठे बसवायचा, नाव कुठे लिहायचं, हे हातांना पाठ होतं, पण हात उचललेच नाहीत.

पेत्कोव्देनच्या सकाळी अस्पारुह स्वतः गाडी घेऊन पुस्तकं पोचवायला आला. काठावर कढई चढली होती, धूर पाण्यावरून पसरत होता. त्याने खोकी उतरवली, टोपी हातात घेतली, दोन शब्द बोलला. चांगला माणूस, पण त्याला गप्प बसता यायचं नाही.

"कव्हर मात्र सुरेख झालंय हं. मी उगाच तुझी थट्टा केली. पण त्या दिवशी तू मला वेड लावायची बाकी ठेवली होतीस. इकडे छपाई झाली आणि तिकडून तुझ्या फाइली सुरू. एक झाली की दुसरी. दुपारपर्यंत येत होत्या."

"मी एकच पाठवली," नेव्याना म्हणाली.

"अगं तुझ्याच पत्त्यावरून आल्या. चित्र तेच, पाणी तिथेच, फक्त मागे दरवेळी एक ओळ जास्त. मी म्हटलं, बापाच्या पुस्तकावर जीव आहे पोरीचा, पण आता कसं बदलणार?" त्याने मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आहेत ना माझ्याकडे. ही पहिली. ‘दार उघडंच होतं. फडताळात बश्या तशाच आहेत.’ छान आहे, नाही? मग ही. ‘अंगणात पाणी आलं, नेव्यानाला कुणीतरी सांगा.’ मग ही, ‘जिन्यावर बसलोय.’"

नेव्यानाने खोक्याची कड धरली. काठावरचे लोक पुस्तकं बघायला जवळ येत होते.

"शेवटची तर मला फार आवडली," अस्पारुह म्हणाला. "आधी आली असती तर छापली असती बघ. ‘पोटमाळ्याच्या खिडकीतून तिची खिडकी दिसते. ती तिथेच बसलीय, हात हलतोय तिचा.’"

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि सुपाच्या कढईकडे पाहिलं.

"त्यानंतर थांबल्या," तो म्हणाला. "म्हटलं, चला, बरं झालं."